‘ट्रान्सफरने हार्वर्ड सोपं’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठांचे नकार मार्चअखेरीला यायला लागले, की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, पण सांगणं तेच: ‘हार्वर्ड-स्टॅनफर्डने नाही म्हटलं म्हणून खचू नका. कुठल्याही कॉलेजात एक-दोन वर्षं काढा, जीपीए (गुणांची सरासरी) चारपैकी चार ठेवा आणि ट्रान्सफर घ्या. तिथे स्पर्धा कमी असते, शाळेचे मार्क कोणी बघत नाही, खर्च निम्म्यावर येतो आणि पदवी तीच मिळते.’

पदवी तीच मिळते, हे खरं आहे. प्रमाणपत्रावर ‘ट्रान्सफर’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. पण बाकीच्या विधानांवर भिस्त ठेवून अठरा वर्षांच्या मुलाने पुढची दोन वर्षं आखू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आधी ‘स्पर्धा कमी’ हे बघू. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाला अर्ज करणाऱ्यांपैकी अलीकडे साधारण साडेतीन ते चार टक्के मुलांना प्रवेश मिळतो. ट्रान्सफरने वर्षाला सरासरी डझनभर मुलं घेतात आणि अर्ज हजाराच्या वर येतात. म्हणजे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. प्रिन्स्टनने १९९० पासून ट्रान्सफर बंदच ठेवलं होतं. २०१८ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा १,४२९ अर्जांतून १३ जणांची निवड झाली. कारण उघड आहे. वरच्या वर्गात जागा व्हायची तर आधी कोणीतरी सोडून जायला हवं, आणि अशा ठिकाणाहून जवळजवळ कोणीच जात नाही. उरलेल्या मोजक्या जागा कोणासाठी, हेही प्रिन्स्टनने सुरुवातीलाच सांगितलं होतं: कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं, कम्युनिटी कॉलेजातले (म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजातले) विद्यार्थी आणि सैन्यातून आलेले लोक. पहिल्या फेरीत हुकलेल्यांना दुसरी संधी द्यावी म्हणून हे दार उघडलेलंच नाही.

मग हा मेसेज आला कुठून? माझ्या मते कॅलिफोर्नियातून, कारण तिथे तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. १९६० च्या शिक्षण आराखड्यापासून कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत जाण्याचा रस्ता त्या राज्याने मुद्दाम बांधला. पहिल्या वर्षाच्या दर दोन विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्सफरचा विद्यार्थी घ्यायचा, हे यूसीचं उद्दिष्ट आहे. यूसीएलएत, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमध्ये, पहिल्या वर्षाला दहातल्या एकालाही प्रवेश मिळत नाही, तर ट्रान्सफरला साधारण चारात एकाला मिळतो. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसना ‘टॅग’ नावाचा हमी-करारही आहे. ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पूर्ण केले, की जागा नक्की. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो या करारात नाहीत.

पण मेसेजमधलं ‘कुठल्याही कॉलेजात’ इथेच कोसळतं. यूसीच्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजांतून येतात, कारण प्राधान्यच त्यांना आहे. दुसऱ्या राज्यातल्या चांगल्या कॉलेजातून यायचं म्हटलं तर हा आकडा तुमचा नव्हेच.

‘चारपैकी चार ठेवा म्हणजे झालं’ हा सल्ला मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. ‘असिस्ट’ ही कॅलिफोर्नियाची सरकारी वेबसाइट उघडा. आपलं कम्युनिटी कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडलं की दोन रकाने दिसतात. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा विषय. मधेच एखाद्या ओळीत उजवीकडे विषयाचं नावच नसतं, फक्त ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे तुमच्या कॉलेजात त्याला पर्यायच नाही. कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्याने गणित किंवा प्रोग्रॅमिंगची अशी एखादी आवश्यक ओळ मोकळी सोडली, तर जीपीए कितीही चांगला असला तरी अर्ज लंगडा पडतो. हे दुसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही. कॉलेज निवडण्याआधीच बघायला हवं. आणि ‘चारात एक’ हा सगळ्या मेजरचा मिळून आकडा आहे. कॉम्प्युटर सायन्सचा त्याहून खूपच खाली असतो.

‘शाळेचे मार्क बघत नाहीत’ हेसुद्धा यूसीपुरतं बरोबर आहे. तिथे भर कॉलेजातल्या कामावर असतो. खासगी विद्यापीठांत मात्र शाळेचं गुणपत्रक बहुतेक ठिकाणी मागतात. त्यांच्या अर्जाची मुदत साधारण मार्चमध्ये संपते. पहिल्याच वर्षी अर्ज केला, तर त्या वेळी हाती जेमतेम एका सेमिस्टरचा निकाल असतो. मग निवड करणारे दुसरं बघणार तरी काय? वर्षभरापूर्वी ज्या गुणांवर नकार आला, तेच पुन्हा त्यांच्या टेबलावर जातात. शिफारसपत्रं द्यायला प्राध्यापक लागतात आणि त्यांना तुमची ओळख होऊन चारच महिने झालेले असतात. म्हणून जे मूल पहिलं कॉलेज निव्वळ थांबा समजतं, कोणाच्या केबिनचं दार ठोठावत नाही, कशात मन घालत नाही, त्याचा ट्रान्सफरचा अर्जही कमकुवतच होतो. शिवाय ‘ट्रान्सफर का हवं’ या निबंधात ‘तुमचं नाव मोठं आहे’ यापलीकडे काहीतरी सांगावं लागतं.

राहिला खर्च. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेचा २०१७ चा अंदाज असा, की २००४ ते २००९ दरम्यान कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे जमा गुणांक) नव्या ठिकाणी धरली गेली नाहीत. सरकारी कॉलेजातून सरकारी कॉलेजात जाताना नुकसान कमी होतं, पण क्रेडिट्स गेली की तेवढी सेमिस्टर्स आणि तेवढी फी वाढते. प्रिन्स्टनमध्ये तर ट्रान्सफरचा विद्यार्थी कधी कधी थेट पहिल्या वर्षापासून सुरू करतो.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या परदेशी मुलांचं गणित आणखी वेगळं आहे. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं त्यांनाही स्वस्त पडतात, हे मान्य. पण यूसीत गेल्यावर नेहमीच्या फीशिवाय राज्याबाहेरच्यांची जादा फी लागते. २०२४-२५ मध्ये ती वर्षाला सुमारे ३४ हजार डॉलर होती, आणि परदेशी विद्यार्थ्यांना यूसी गरजेवर आधारित साहाय्य देत नाही. खासगी विद्यापीठांत पहिल्या वर्षाला मिळणारं साहाय्य ट्रान्सफरला त्याच अटींवर मिळेलच असं धरून चालू नये. प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर ‘परदेशी ट्रान्सफर विद्यार्थी’ असा मजकूर शोधा, आणि नाही सापडला तर अर्जाची फी भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.