‘पैसा खासगी, जबाबदारी खासगी’: पर्जन्यजल प्रदूषणाबाबतच्या एका दाव्याचा प्रतिवाद

पावसाचे पाणी रस्ते, छपरे आणि वाहनतळांवरून वाहताना तेल, गाळ, जस्त-तांब्याचे अंश घेऊन बहुधा कोणत्याही प्रक्रियेविना नदी-ओढ्यात उतरते. यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय असा की, स्थानिक संस्थेने खासगी कंपनीशी भागीदारी केली की पैसा तिचा, जबाबदारी तिची आणि काम झटपट.

आधी पैशाचे पाहू. कंपनी गुंतवते ती रक्कम तिला नफ्यासह वसूल करायचीच असते, आणि पावसाळी गटारावर टोलनाका बसवता येत नसल्यामुळे ती शेवटी नागरिकांच्या कर-शुल्कातूनच येते. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीने (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखी स्थानिक संस्था) 2015 साली कॉर्व्हियस या कंपनीशी केलेला 30 वर्षांचा करार आदर्श म्हणून पुढे केला जातो. त्यामागेही मालमत्तांवर आकारलेले स्वच्छ पाणी शुल्क होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

जबाबदारीचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्यातील 1987 च्या दुरुस्तीनुसार पावसाळी गटारांच्या विसर्गाचा परवाना स्थानिक संस्थेच्या नावे असतो आणि अटी मोडल्यास नोटीस तिलाच येते. कंपनीकडून करारानुसार भरपाई मागणे ही त्यानंतरची गोष्ट.

काम वेगाने होते, हे मान्य करावे लागेल. रचना, बांधकाम आणि देखभाल एकाच हाती दिल्याने दर कामाची वेगळी निविदा टळते. प्रिन्स जॉर्जेसच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 2,000 एकर कठीण, म्हणजे रस्ते-छपरांसारख्या पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागावरील पाण्यासाठी व्यवस्था उभारायची होती. पण एकर मोजणे म्हणजे प्रदूषण मोजणे नव्हे. रस्त्याकडेच्या वर्षा-उद्यानाचेच, म्हणजे पावसाचे पाणी मुरवण्यासाठी केलेल्या झाडांच्या खोलगट वाफ्याचेच पाहा. कठड्यातील ज्या फटीतून पाणी आत यायचे, तिथे पाने आणि गाळ साचला की सर्वाधिक घाण वाहून आणणारे पहिल्या सरीचे पाणी बाहेरूनच निघून जाते. आत शिरलेल्या बारीक मातीने वरचा थर बुजला, तर पाणी मुरण्याऐवजी तुंबून राहते. नोंदवहीत मात्र तो एकर ‘प्रक्रिया झालेला’च राहतो. म्हणून अशा करारात बांधकामाच्या रकमेपेक्षा देखभालीचे कलम आधी वाचावे: गाळ कोण, किती महिन्यांनी काढणार, पाणी मुरण्याचा वेग कोण तपासणार आणि तपासणीत नापास झाल्यास देयकातून किती रक्कम कापली जाणार.