‘किलोमीटरला एक रुपया’: टेम्पोच्या हिशोबात काय सुटलं?

पुण्यात मार्केट यार्डापासून भोसरीच्या गाळ्यांपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सीएनजी टेम्पोला किलोमीटरला पाच रुपये, इलेक्ट्रिकला एक. किमतीतला फरक वर्षात वसूल. साध्या सॉकेटवर कुठंही चार्ज करा. मेंटेनन्स शून्य.’ चारही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर ती पटतात. उदाहरणाला टाटा एस प्रो घेऊ, कारण ती सीएनजी-पेट्रोल आणि इलेक्ट्रिक अशी दोन्हीत मिळते.

आधी तो एक रुपया. बॅटरी १४.४ युनिटांची. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वीज वाया जाते, म्हणजे मीटरवर साधारण १६.४ युनिट पडतात. युनिटला ९ रुपये धरले तर १४७ रुपये. कंपनीचा दावा एका चार्जला १५५ किलोमीटरचा. भागा, ९५ पैसे येतात. मेसेजमधला रुपया इथून आलाय. पण १५५ ही चाचणीतली रेंज झाली. साडेसातशे किलो माल भरून कात्रज किंवा दिवे घाट चढायचा असेल, तर १०० धरून चालावं. मग खर्च दीड रुपया होतो.

गाडी बाहेरच्या फास्ट चार्जरवरच भरायची असेल, तर युनिटला २० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी धरा. इथं बिल गाडीत गेलेल्या १४.४ युनिटांचंच धरलंय, तरी किलोमीटरला ३ रुपये ४० पैसे पडतात. सीएनजी किलोला ९० रुपये आणि भरल्या गाडीचं ॲव्हरेज २० धरलं तर साडेचार. म्हणजे मेसेजमधला पाचचा आकडा फारसा चुकीचा नाही, चुकीचा आहे तो एकचा. गाळ्यावर चार्जिंग असेल तर वाचतात तीन रुपये, नसेल तर जेमतेम एक.

‘वर्षात वसूल’ हे सगळ्यात कच्चं वाक्य. जून २०२५ मध्ये ही गाडी आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत सीएनजी-पेट्रोलची ४.९९ लाख आणि इलेक्ट्रिकची ६.५० लाख होती, फरक दीड लाखाचा. मग सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा आधीपासून ५ आहे, तो तसाच राहिला. नुसत्या कराच्या हिशोबानं ४.९९ चे ४.६० होतात आणि फरक १.९० लाखांवर जातो. रोज ६० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस चालली तर वर्षाला १८,७२० किलोमीटर. तीन रुपयांप्रमाणे ५६ हजार वाचतात. वसुलीला जवळपास साडेतीन वर्षं लागतात, तीही कर्जाचं व्याज न धरता. रोज शंभर चालली तर दोन वर्षं. तीसच चालली तर पावणेसात.

इथं एक गोष्ट शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. मालवाहू गाडीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेता येतं, म्हणजे गाडीवर भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वळता करता येतो. तुम्ही ते घेत असाल तर कर वगळून तुलना करा: ३.९० लाख आणि ६.१९ लाख. फरक २.२९ लाखांचा, वसुली चार वर्षांच्या पुढं. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक जीएसटी योजनेत असाल तर क्रेडिट नाही, १.९० चाच आकडा धरा.

आता ‘साध्या सॉकेटवर कुठंही’. पेठेतल्या वाड्यात राहणारा माणूस टेम्पो रस्त्यावर लावतो; फुटपाथवरून वायर ओढून रोज चार्जिंग होत नाही. गाळा असला तरी भिंतीतला जुना पंधरा अँपिअरचा सॉकेट चालेलच असं नाही. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी सलग सहा तास करंट ओढते. आतला स्क्रू थोडा जरी सैल असला तरी तिथं उष्णता साठते, आधी प्लगची पिन काळी पडते, मग प्लॅस्टिक वितळायला लागतं. म्हणून मीटरपासून थेट वेगळी लाइन घ्या: चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की बंद पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट. महिन्याभरानं स्क्रू पुन्हा आवळून घ्या. अर्थिंग नीट आहे का, ते मीटर लावून तपासा. अर्थिंग नसेल तर चार्जर इशाऱ्याचा दिवा लावतो आणि चार्जिंगच सुरू करत नाही. अशा वेळी गाडीत फॉल्ट असल्याचं सांगितलं जातं, दोष असतो गाळ्याच्या वायरिंगमध्ये.

घरच्या मीटरवर लावणार असाल तर स्लॅब, म्हणजे युनिटांनुसार दराचे टप्पे बघा. रोज साठ किलोमीटरला महिन्याला अडीचशेहून जास्त युनिट वाढतात, आणि ३०० च्या वर घरगुती दर झपकन चढतो. नऊ रुपयांचं गणित तिथंच मोडतं. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगचा वेगळा दर आहे, त्याचं वेगळं कनेक्शन मागा.

गंमत म्हणजे सीएनजीच्या रांगेतला वेळ मेसेजवाल्यानं धरलाच नाही. तो धरला असता तर त्याचीच बाजू भक्कम झाली असती. शिवाय उन्हाळ्यात भरताना टाकी तापते. दाबाचा काटा २०० बार, म्हणजे टाकी फुल्ल दाखवतो, पण गॅस कमी बसलेला असतो. टाकी थंड झाली की काटा खाली येतो, आणि दोष पंपवाल्याला मिळतो.

राहिलं ‘मेंटेनन्स शून्य’. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच प्लेट, आणि दर तीन वर्षांनी सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं तपासणी), हा खर्च इलेक्ट्रिकला खरंच नाही. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, बेअरिंग हे दोघांनाही आहेच. आणि इलेक्ट्रिक टेम्पोतही बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी जोडणारे आतले स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, जुळत नाहीत; मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही.