‘वन-बीएचके विका, शिडाची बोट घ्या’ या फॉरवर्डबद्दल

महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. चौथ्यांदा तर सख्ख्या मामाने पाठवला, खाली प्रश्न जोडून: “तू जाऊन आलायस ना, खरंय का रे हे?” मजकूर थोडक्यात असा. उपनगरातला वन-बीएचके विका, त्या पैशात जुनी शिडाची बोट घ्या आणि कॅरिबियन बेटांमधून जन्मभर फिरा. वारा फुकट, नांगर टाकायला भाडं नाही, जेवायला मासे, बारा महिने ऊन. सहा महिन्यांत कोणीही शिकतं. शेवटी ठरलेला टोमणा: आपल्या लोकांत हिंमतच नाही.

मी मित्राच्या 38 फुटी बोटीवर दोन हिवाळे, कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा ते मार्टिनिक या बेटांच्या पट्ट्यात, खलाशीगिरी केली आहे. त्या जोरावर हे उत्तर.

आधी फोटोचं बघू. मेसेजसोबतचा निळाशार फोटो कॅरिबियनचा नाहीच. मागचा तो काळा सुळका बोरा बोराचा माउंट ओतेमानू आहे, म्हणजे पॅसिफिक महासागर. तिथे जायचं तर आधी पनामा कालवा ओलांडा, मग काही आठवडे नुसतं पाणी बघा.

“वारा फुकट.” आहे की. पण तो आपल्या सोयीने वाहत नाही. कॅरिबियनमधला व्यापारी वारा हिवाळाभर पूर्वेचा किंवा ईशान्येचा, साधारण 15 ते 25 नॉट (ताशी 28 ते 46 किलोमीटर); नाताळाच्या सुमारास त्याहून जोरात. ग्रेनाडाहून मार्टिनिक उत्तरेला आणि थोडं पूर्वेला. वारा पूर्वेचा असेल तर बोट कशीबशी सरळ जाते. ईशान्येला फिरला की संपलं, कारण कुठलीच शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही. मग एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, नागमोडी. त्यात दोन बेटांमधला प्रवाह सतत पश्चिमेला ढकलत असतो. आणि सेंट व्हिन्सेंटसारख्या उंच बेटाच्या आडोशाला आलात की वारा अचानक पडतो, शिडं फडफडायला लागतात, इंजिन सुरू करावं लागतं. डिझेल फुकट नसतं. शिडंही नसतात, त्या उन्हात कापड आणि शिवण दोन्ही कुजतात.

ग्रेनाडाच्या उत्तरेला सुमारे 8 किलोमीटरवर तर समुद्राखाली जिवंत ज्वालामुखी आहे. नाव ‘किक एम जेनी’. एरवी त्याच्यापासून दीड किलोमीटर लांब राहायचं, तो कुरकुरायला लागला की 5 किलोमीटर. फुकटच्या वाऱ्याने जाताना हा वळसाही हिशोबात धरा.

“बारा महिने ऊन.” या ओळीवर मात्र मला राग आला, कारण इथे माणसं मरतात. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. ग्रेनाडा इतकं दक्षिणेला की वादळ तिथवर येत नाही, असं बोटवाले वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत होते. 7 सप्टेंबर 2004 ला ‘आयव्हन’ आलं. बेटावरच्या सुमारे 90 टक्के घरांचं नुकसान झालं, 39 माणसं गेली. ज्या जायफळाचं चित्र या देशाच्या झेंड्यावर आहे, त्याच्या बागा आडव्या झाल्या. (आपण श्रीखंडात किसतो तेच जायफळ. झाड लावल्यावर फळ धरायला काही वर्षं जातात.) 1 जुलै 2024 ला ‘बेरिल’ थेट ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर आदळलं, ताशी सुमारे 240 किलोमीटर वाऱ्याने. तिथल्या टायरेल बे या खाडीच्या खारफुटीत बोटी लपवणं हा तिथला जुना उपाय. त्या खारफुटीतच बोटी एकमेकींवर चढून फुटल्या. म्हणूनच मोसमात बोट कुठे ठेवायची याची अट बऱ्याच विमा पॉलिसींत असते. म्हणजे वर्षातले सहा महिने एकतर दक्षिणेला त्रिनिदादकडे सरका, नाहीतर बोट यार्डात उचलून ठेवा. उचलण्याचं आणि ठेवण्याचं भाडं वेगळं.

“नांगर टाकायला भाडं नाही.” काही ठिकाणी नाही, हे खरं. पण टोबॅगो केज या छोट्या बेटांच्या मरीन पार्कात फी आहे, आणि कासवं जे समुद्रगवत चरतात त्यात नांगर टाकणं हा नालायकपणा आहे. शिवाय कॅरियाकूहून समोर दिसणारं युनियन बेट हा दुसरा देश, सेंट व्हिन्सेंटचा. पिवळा झेंडा (प्रवेशाची परवानगी अजून मिळायची आहे, ही खूण) चढवा, कप्तानाने एकट्याने कागद घेऊन किनाऱ्यावर जा, कस्टम, इमिग्रेशन, फी. बाकीच्यांनी तोवर बोटीवरच बसा. मार्टिनिक म्हणजे फ्रान्स, युरो चालतो, पण शेंगेन क्षेत्रात ते मोडत नाही, तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्याने व्हिसाचं आधी नीट बघून घ्यावं.

“जेवायला मासे.” प्रवाळाजवळच्या मोठ्या माशांत, बाराकुडात विशेषतः, सिग्वाटेराचं विष असू शकतं. चव बदलत नाही, वास येत नाही, शिजवून जात नाही. उघड्या समुद्रात गळाला लागलेला माही-माही खुशाल खा. आमच्या गळाला दोन हिवाळ्यांत तीन लागले. बाकी दिवस डाळ-भात. आणि किनाऱ्यावर हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं दिसली तर हातही लावू नका. ते मँचिनील. पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात.

मेसेज ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही ते म्हणजे काम. खारं पाणी सगळं खातं. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरसाल डागडुजीला, हा बोटवाल्यांचा ढोबळ हिशोब. आमचा एक अख्खा आठवडा संडासाचा पंप उघडण्यात गेला. कोणीतरी कागद टाकला होता. बाहेर दृश्य अप्रतिम होतं, असं ऐकलं.

आता हिंमत. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली. त्याच बोटीवर अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता गेले. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून. आणि सहा महिन्यांत शिकण्याचं म्हणाल, तर दोंदे हे नौदलाचे अधिकारी. त्यांचीही तयारी 2006 पासून चालू होती.

मामाला एवढं सगळं पाठवलं. उत्तर आलं, “मग आम्ही जाऊच नये का?” जा ना. फेब्रुवारीत जा, आठवडाभरासाठी कप्तानासकट बोट भाड्याने घ्या, बेक्विया बेटाला नांगर टाका. फ्लॅट राहू दे. आणि संडासात कागद टाकू नका.