दहा लॅपचा शेवट ऑल-स्टार रेसला वाचवणार नाही

नॅस्कार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेतल्या, निवडक ड्रायव्हरांच्या ऑल-स्टार रेसचा विषय निघाला की एक यादी फिरू लागते, आणि मे महिना जवळ आला की तिला जोर चढतो. यादीचं म्हणणं असं: शेवटचा टप्पा पुन्हा दहा लॅपचा (ट्रॅकच्या फेऱ्यांचा) करा, सगळी रांग उलटी लावा (पहिला शेवटी, शेवटचा पुढे), मऊ टायर द्या, बक्षीस दहा लाखांवरून पन्नास लाख डॉलर करा आणि दरवर्षी नवा ट्रॅक शोधा, म्हणजे १९९२ सारखी रेस पुन्हा दिसेल. गुण नसलेली, फक्त पैशासाठी आणि मानासाठी धावली जाणारी ही रेस अलीकडे अनेकदा फिकी झाली, हे खरंच आहे. पण यातले बहुतेक उपाय या ना त्या रूपात करून झालेत आणि त्यांचे निकाल सगळ्यांसमोर आहेत.

दहा लॅपपासून सुरू करू, कारण सगळा मोह तिथेच आहे. १९९२ साली शार्लटच्या दीड मैलाच्या ट्रॅकवर ही रेस पहिल्यांदा दिव्यांच्या उजेडात झाली. शेवटच्या लॅपला डेल अर्नहार्ट गिरकी खाऊन बाहेर गेला, काइल पेटी आणि डेव्ही अ‍ॅलिसन रेषेवर एकमेकांना भिडले आणि जिंकलेला अ‍ॅलिसन थेट हॉस्पिटलमध्ये गेला. हे सगळ्यांना पाठ असतं. २०१२ मात्र कोणी काढत नाही. ट्रॅक तोच, शेवटचे लॅप दहाच. आधी वीस-वीस लॅपचे चार टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्याचा विजेता शेवटच्या पिटस्टॉपसाठी (टायर-पेट्रोलच्या थांब्यासाठी) रांगेत पुढे राहणार होता. जिमी जॉन्सनने पहिला टप्पा जिंकला आणि पुढचे तीन टप्पे शांतपणे मागे राहून काढले. गाडी जपली, शेवटी पुढून सुरुवात केली आणि रेस खिशात घातली. नियम त्याने वाकवले नाहीत, फक्त नीट वाचले. पुढची जागा आधीच पक्की असेल आणि शेवट छोटा असेल, तर मधल्या साठ लॅपमध्ये जीव तोडायचं कारणच कोणाला उरत नाही.

हे असं का होतं, ते गाडीत दिसतं. २०२२ पासूनची नेक्स्ट जेन गाडी आपला बराचसा डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) पोटाखालच्या सपाट तळातून आणि तळाखालची हवा मागे सोडणाऱ्या डिफ्यूझरमधून घेते. पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत शिरलं की मागच्या गाडीचं नाक वळणात बाहेर सरकतं आणि ड्रायव्हरला थ्रॉटल सोडावा लागतो. छोट्या ट्रॅकवर त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. १८ इंची चाकांमुळे ब्रेक मोठे झाले, त्यामुळे ब्रेक मारण्याचं अंतर आणि ते चुकवण्याची संधी दोन्ही कमी झाली. शिवाय पाच गिअरचा सिक्वेन्शियल (क्रमाने बदलणारा) गिअरबॉक्स असल्याने पुढचा वळणात चुकला तरी एक गिअर खाली टाकून ती चूक झाकू शकतो. अशा गाडीत पहिल्या जागेवरच्याला हटवायला टायरमधला फरक लागतो, आणि फरक पडायला लॅप लागतात. नॉर्थ विल्क्सबरोच्या ०.६२५ मैलाच्या ट्रॅकवर दहा लॅप म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात टायर गरम होऊन प्रेशर जागेवर येतं न येतं, तोच झेंडा पडतो. रीस्टार्टनंतरचे (थांबलेली झुंज पुन्हा सुरू झाल्यावरचे) दोन लॅप झाले की उरलेले आठ म्हणजे मिरवणूक.

आकड्यात मांडू. समजा टायर लॅपला ०.०३ सेकंद झिजतो आणि मागच्याचे टायर पुढच्यापेक्षा वीस लॅप ताजे आहेत. फरक झाला लॅपला ०.६ सेकंदांचा. या ट्रॅकच्या वेगाला एक गाडी आपली लांबी साधारण ०.१ सेकंदात कापते. म्हणजे मागचा प्रत्येक लॅपला सहा गाड्यांचं अंतर खातो आणि पोचल्यावर ओव्हरटेक करायलाही त्याच्याकडे काही उरतं. दोघांचे टायर सारखेच असतील, तर हाच हिशोब शून्यावर येतो.

मग मऊ टायर द्या, असं यादी म्हणते. दिले होते. २०२४ ला नॉर्थ विल्क्सबरोला गुडइयरने नेहमीच्या टायरबरोबर लाल अक्षरांचा मऊ पर्याय दिला. कल्पना अशी की मऊ टायर आधी पळेल आणि मग कोसळेल. पण ट्रॅकवर नुकतंच नवं डांबर टाकलेलं होतं. नवं डांबर गुळगुळीत असतं, ते रबर खरवडत नाही. मऊ टायर कोसळलाच नाही आणि जोई लोगॅनोने २०० पैकी १९९ लॅप आघाडीवर काढले. त्याच ऑगस्टमध्ये हीच कल्पना रिचमंडच्या गुणांच्या रेसला वापरली. तिथलं डांबर जुनं आणि खरखरीत, त्यामुळे वेगाचा आणि झिजेचा फरक उघड दिसला. मऊ टायरवर मागून भराभर पुढे आलेला डॅनिएल सुआरेझ बराच वेळ आघाडीवर होता. तेव्हा प्रश्न मऊ की कडक हा नसून त्या डांबरावर तीस-चाळीस लॅपमध्ये टायर किती वेळ गमावतो हा आहे. ते टायर टेस्टमध्ये आधी मोजता येतं. उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आत आलं, तर दोन रंगांच्या अक्षरांचा खेळ मांडूच नये.

पूर्ण रांग उलटी करण्याचं कलम ऐकायला झकास वाटतं. पात्रता फेरीच्या निकालावर रांग उलटणार हे आधी कळलं, की कोणीच जोरात पळणार नाही. अमेरिकेतल्या गावोगावच्या छोट्या ट्रॅकवाल्यांनी यावर तोडगा केव्हाच काढलाय: किती गाड्या उलटायच्या, सहा, आठ की दहा, याची सोडत पात्रता फेरी संपल्यावर काढायची. पाचवा आलेला ड्रायव्हर मुद्दाम सातवा येऊ शकत नाही, कारण सातवं येण्यात फायदा होईल की तोटा हेच त्याला माहीत नसतं. ऑल-स्टारला उलटवायचंच असेल तर पहिल्या टप्प्यानंतर, सोडतीने आणि जास्तीत जास्त दहा गाड्या. वीसच्या वीस उलटल्या की वेगवान गाड्या मागच्या घुसळलेल्या हवेत अडकतात आणि चाकाला चाक लावून वाट काढू बघतात. या गाडीची बॉडी कंपोझिटची आहे, ती धक्के बऱ्यापैकी सोसते. पण मागच्या चाकाची दिशा धरणारी टो लिंक बाजूच्या धक्क्याने वाकते. ती वाकली की चाक तिरकं पळतं आणि गाडी पिटमध्ये जाते. छोट्या टप्प्यात दुरुस्ती करून परत येईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. म्हणजे ज्यांची झुंज बघायची, तेच गॅरेजमध्ये.

पैशाचं कलम लवकर निपटतं. दहा लाखांचा आकडा २००३ पासून आहे. महागाई धरली तर आज तो साडेसतरा लाखांच्या आसपास हवा, म्हणून वाढवायला हरकत नाही. पण २०२५ च्या मोसमातल्या बाद फेरीच्या स्पर्धेलाही दहा लाखच होते, त्यामुळे या रकमेचं नवल आता उरलेलं नाही. आणि पन्नास लाख केले तरी ते पहिल्या दोघा-तिघांनाच दिसतात. नववा असलेला ड्रायव्हर गाडी मोडण्याचा धोका घेईल तो आठवं, सातवं येण्यात मोठा फरक असेल तर. वाढीव रक्कम दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकात तीव्र उताराने वाटली, तर तिचा थोडा तरी उपयोग होईल.

नव्या ट्रॅकबद्दल तर इतकंच की शार्लट, ब्रिस्टल, टेक्सस, नॉर्थ विल्क्सबरो असा प्रवास २०१९ ते २०२५ मध्ये झाला आणि २०२६ साठी डोव्हर ठरलं. जागा बदलली की एक वर्ष चर्चा होते. २०२३ ला नॉर्थ विल्क्सबरोला २७ वर्षांनी कप सिरीजच्या, म्हणजे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेच्या, गाड्या परतल्या, सोहळा देखणा झाला आणि रेस काइल लार्सनने एकतर्फी जिंकली.

आता यादीच्या बाजूने जाणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. २०२५ ला 'प्रमोटरचा पिवळा झेंडा' नावाची युक्ती केली: अपघात नसतानाही आयोजक एकदा पिवळा झेंडा दाखवून गाड्यांचा वेग उतरवू आणि रांग जवळ आणू शकत होता. २५० लॅपच्या रेसमध्ये तो २१६ व्या लॅपला निघाला. लोगॅनो पुढे होता, तो चिडला, आणि त्याच्या जागी कोणीही चिडला असता. पण लोगॅनो ट्रॅकवरच राहिला, क्रिस्टोफर बेलने नवे टायर घेतले आणि दहाएक लॅप उरले असताना त्याला गाठून मागे टाकलं. (आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती; पहाटे उठून बसलेल्यांचं त्या दिवशी चीज झालं.) झेंडा खोटा असेल, टायरमधला फरक खरा होता. चौतीस लॅप हा त्या डांबरावर असा आकडा निघाला की थांबावं की राहावं यावर पिटबॉक्सवाल्यांचं एकमत होईना. दहा उरले असते तर पुढचा कोणीच थांबला नसता. ऐंशी उरले असते तर सगळेच थांबले असते.

बदल करायचे तर ते या आकड्याभोवती करावेत. शेवटचा टप्पा शंभर लॅपचा ठेवावा आणि त्यासाठी प्रत्येकाला नव्या टायरचा एकच संच द्यावा. तिसाव्या लॅपनंतर खरा पिवळा झेंडा आलाच नाही, तर ३० ते ३५ लॅप उरले असताना एक ठरवून दाखवावा आणि तो लॅप आधीच छापावा. संच एकच, कारण दोन दिले तर उशिरा आलेल्या पिवळ्या झेंड्याला सगळेच पुन्हा नवे टायर घेऊन समान होतील. सक्तीचा पिटस्टॉप नको. छोट्या ट्रॅकवर हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे रेस पूर्ण वेगात चालू असताना, थांबणं म्हणजे लॅपहून जास्त नुकसान. २०१६ ला शार्लटमध्ये अशा सक्तीच्या थांब्यांच्या मध्येच पिवळा झेंडा आला, काही थांबलेले, काही नाहीत, अर्धी रांग लॅपने मागे, आणि कोण कितव्या जागी हे ड्रायव्हरांनाही कळेना.

नियम एका कागदावर मावले पाहिजेत आणि शेवटच्या लॅपचा झेंडा त्यात स्पष्ट हवा. २०२२ ला टेक्ससमध्ये रायन ब्लेनी रेषा ओलांडायच्या बेतात असताना मागे कोणी भिंतीला लागला म्हणून पिवळा दिवा लागला. रेस हिरव्याखालीच संपली पाहिजे असा नियम असल्याने ती पुढे चालली. ब्लेनीने जिंकलो समजून खिडकीची जाळी सोडली होती. ती एका हाताने कशीबशी अडकवत तो परत रांगेत लागला आणि जिंकलाही. त्यासाठी एक ओळ पुरेशी आहे: पुढच्या गाडीने शेवटच्या लॅपचं चौथं वळण सोडलं की, रस्ता अडलेला नसेल तर, पिवळा दिवा लावायचा नाही.