नऊ वारांचा सुटसुटीत झगा

‘मावशी, तुला शिवता येतं ना गं?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं नसतं, हे मला पन्नाशी उलटली तरी समजलेलं नाही. माझं शिवणकाम म्हणजे उशांचे अभ्रे, भाजीच्या पिशव्या आणि एकदा मोठ्या हौसेने घेतलेलं एक झबलं. ते पुरं झालं तेव्हा ज्याच्यासाठी शिवायला घेतलं होतं तो बालवाडीत जायला लागला होता. तरी भाचीचा चेहरा बघून मी ‘हो’ म्हटलं, आणि माझा अख्खा मे महिना १९०६ सालात गेला.

त्याचं असं झालं की तिच्या ग्रुपची एकांकिका होती. काळ १९०६, स्थळ महाबळेश्वर. उन्हाळा लागला की मुंबई सरकार तेव्हा फायलींसकट घाट चढायचं. तिथला एक कलेक्टर, त्याची मडम आणि त्यांचा खानसामा. खानसाम्याला सदरा-पायजमा पुरला, कलेक्टरला कुणाच्या तरी मामांचा कोट मिळाला, आणि मडमेचं काम भाचीचं. ‘अगदी साधा उन्हाळी ड्रेस आहे मावशी. पांढरा. कॉटनचा.’ असं म्हणून तिने फोन पुढे केला.

चित्रातली बाई उभी होती, पण कशी उभी होती हे मला उलगडेना. वरचा भाग पुढे, खालचा मागे, मध्ये कंबर नावाला. त्या दशकातलं कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी आतली सळ्यांची चोळी, पुढून सरळ असायचं आणि बाईला इंग्रजी एस अक्षरासारखं वळवायचं. वर झग्याचा पुढचा भाग ढिला सोडून असा फुगवायचा, की बाई दाण्याची वाट बघणाऱ्या कबुतरासारखी दिसावी. आणि ही उन्हाळ्याची फॅशन!

पहिला शहाणा विचार केला आणि कोपऱ्यावरच्या लेडीज टेलरकडे गेले. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र लांब धरलं, जवळ धरलं. ‘ताई, लग्नसराई आहे. दिवाळीनंतर या.’ मी म्हटलं, प्रयोग तीस मेला आहे. त्यांनी फोन परत दिला आणि हळूच विचारलं, ‘यात ही बाई श्वास कुठून घेते?’

तेव्हा घरीच. त्या काळच्या अमेरिकन मासिकांत शिवणाची सदरं असत. ती भाचीने मला ढिगाने पाठवली होती. एका रात्रीत मी इतकी वाचली की स्वप्नातही मला कुणीतरी बाई धीर देत होती. सगळ्यांचा सूर एकच: हा पोशाख सुटसुटीत आहे, थंड आहे, बेताच्या मिळकतीच्या घरातली कुठलीही चतुर मुलगी तो घरच्या घरी शिवू शकेल. ‘कुठलीही चतुर मुलगी’ यात मेख आहे. जमलं नाही तर दोष झग्याचा नाही.

शिवायचं कशावरून, तर कागदी पॅटर्नवरून. हा धंदा मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली सुरू केला. आधी पुरुषांचे आणि मुलांचे कपडे, पाठोपाठ बायकांचे. मापाप्रमाणे कापलेले झिरझिरीत कागद पाकिटात घडी घालून दहा-पंधरा सेंटांत टपालाने दारात. कल्पना झकासच. फक्त त्या कागदांवर बहुतेक काही छापलेलं नसे, सगळा कारभार भोकांवर. काही भोकं घडीवर ठेवण्याची, काही उभ्या धाग्याची, काही चुण्यांची. सविस्तर सूचनांचा वेगळा कागद पाकिटात यायला १९१९ उजाडावं लागलं. आमचा पॅटर्न १९०६चा. म्हणजे मी तेरा वर्षं लवकर आले होते.

भाचीने तो बावन्न कागदांवर छापून आणला. ते जमिनीवर जुळवून चिकटवले तेव्हा हॉलमध्ये जाळीदार घावन पसरल्यासारखं दिसायला लागलं. आमच्या ह्यांनी दारातूनच विचारलं, ‘जेवायला कुठून यायचं?’ मी म्हटलं, ‘उजव्या बाहीवर पाय न देता.’

पाकिटावर कापडाचा हिशोब होता: पन्हा छत्तीस इंच, नऊ वार. सासूबाई पलंगावर बसून पन्हं पीत होत्या. त्यांना पन्ह्याचं काय ते कळलं नाही, पण नऊ वार लख्ख ऐकू आलं. ‘नऊ वार? मग लुगडंच नेस म्हणावं की त्या मडमेला. शिवायला नको, टिपायला नको.’ यावर त्या मासिकातल्या चतुर मुलीकडेही उत्तर नसतं.

कापडांची यादी मात्र मी दोनदा वाचली. उन्हाळी झग्याला ‘मल’ घ्या, नाहीतर ‘नैनसूक’ घ्या. मल म्हणजे आपलं मलमल, नैनसूक म्हणजे नैनसुख. आणि सीरसकर म्हणून जे चुण्यांचं कापड अमेरिकेत उन्हाळ्यात अजून मिरवतात, तो शब्द फारसीतल्या शीर-ओ-शकरचा, म्हणजे दूध-साखरेचा. एक पट्टी मऊ, एक खरखरीत. कापड आपल्याकडचं, नावं आपल्याकडची आणि ते कसं शिवावं हे मला सांगणार अमेरिकेतली बाई. मी लक्ष्मी रोडवर जाऊन मलमल घेतलं आणि या गोष्टीचा थोडा अभिमान बाळगला. तो दोन दिवस टिकला.

कोरं कापड आधी भिजवून वाळवा, मग कापा, असं सदरातही होतं आणि सासूबाईंनीही सांगितलं. इथवर पूर्व-पश्चिम एकमत. मग आल्या चुण्या.

गळ्याखालच्या तुकड्यावर चाळीस बारीक उभ्या चुण्या घालायच्या. चाळीस! काळं हातमशीन सासूबाईंचं, त्यावर माझा उजवा हात चाक फिरवणार आणि डावा कापड सरळ ठेवणार, म्हणजे घाम पुसायला तिसरा लागणार. दोन दिवसांत चाळीसही घातल्या. कौतुकाने तुकडा मापाला धरला तर छाती पाच इंच कमी. टेप उलटा धरला, सुलटा धरला. शेवटी मास्तरांकडे घेऊन गेले. त्यांनी एक चूण नखाने मोजली. ‘ताई, प्रत्येकीत एक सूत जास्त गेलंय.’ एकच सूत! पण आठ सुतांचा इंच होतो आणि चाळीस सुतांचे पाच इंच. शाळेत गणिताच्या बाईंनी हे उदाहरण घातलं असतं तर माझं अर्ध आयुष्य सुधारलं असतं.

उसवताना डोक्यात सारखं येत होतं, की त्या काळी बायका तयार कपडे का घेत नसतील? घेत होत्या. शर्टवेस्ट म्हणून कॉलर-कफांचा सुती ब्लाउज निघाला होता, टाइपरायटरवर बसणारी मुलगीही तो विकत घ्यायची. न्यूयॉर्कच्या कारखान्यांत ते हजारोंनी शिवले जात. त्यातल्याच ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली, एका बाजूचं दार कुलूपबंद होतं, आणि १४६ जण मेले. बहुतेक शिवणाऱ्या मुलीच, परदेशातून पोट भरायला आलेल्या. हे वाचल्यावर मी त्या रात्री मशीनला हात लावला नाही. सकाळी पुन्हा पहिल्या चुणीपासून.

तोवर भाचीने आतल्या कपड्यांची यादी पाठवली. ‘दिग्दर्शक म्हणतो, आत नीट नसेल तर बाहेर तसं दिसणार नाही.’ आत शेमीज. लेस लावलेली विजार. मग कॉर्सेट. कॉर्सेटच्या सळ्या मलमलीतून दिसू नयेत म्हणून कॉर्सेटवर कव्हर. परकर एक, परकर दोन. पायात मांडीपर्यंत मोजे. काखेत घामासाठी रबरी अस्तराचे तुकडे, कारण झगा रोज धुणं परवडायचं नाही. आणि या सगळ्यावर आपला थंड, हवेशीर, सुटसुटीत झगा. झग्याच्या घोळाला खाली आतून गोंडेदार पट्टी शिवायची, म्हणजे रस्त्याचा चिखल ती झेलणार आणि झगा वाचणार. सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे फॉल.’ म्हणजे फॉलच. पहिल्यांदाच या प्रकरणात मला घरच्यासारखं वाटलं. फॉल-बिडिंग मी डोळे मिटून करते.

आतले कपडे मी मनातल्या मनात शिवले. प्रत्यक्षात दोन जुने परकर आणि ह्यांचा कंबरदुखीचा पट्टा. पट्ट्याने एस अक्षर होत नाही, पण बाई ताठ मात्र राहते.

आता लेस. झग्यावर नुसती काठाला लेस लावून भागत नाही, ती कापडाच्या मध्ये बसवायची असते. त्याला इन्सर्शन म्हणतात. मास्तरांना याला आपल्याकडे काय म्हणतात विचारलं, तर ते म्हणाले, ‘मधली लेस.’ कृती अशी: लेस कापडावर ठेवायची, दोन्ही कडांनी टीप मारायची, मग कापड उलटं करून लेसच्या मागचं मलमल मधोमध कापायचं आणि कडा दुमडून हातशिलाई करायची, की समोरून नुसती जाळी दिसते. फक्त मागचं मलमल कापायचं. लेस नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं होतं. कोपरापर्यंत फुग्याची आणि पुढे मनगटापर्यंत घट्ट अशी डावी बाही, तिच्यात लेसच्या पाच ओळी. चार ओळी सुरेख झाल्या. पाचवीच्या वेळी कुकरची शिट्टी झाली, मी दचकले, आणि कात्री मलमलीतून, लेसमधून, आणि बाहीच्या दुसऱ्या पदरातूनही आरपार गेली. घरात क्षणभर शांतता होती. मग सासूबाई म्हणाल्या, ‘तिसरी शिट्टी होती. गॅस बंद कर.’

ती बाही मी कोपऱ्यात भिरकावली आणि नवी कापली.

मधल्या विसाव्याला मी पुढच्या वर्षांची मासिकं चाळली. उगाच, आपलं पुढे भलं झालं का ते बघायला. नाही झालं. १९१० च्या सुमाराला पॅरिसच्या पॉल प्वारे नावाच्या फॅशनवाल्या शिंप्याने कॉर्सेट ढिलं केलं आणि झग्याचा घोळ घोट्याशी इतका आवळला, की बाईला पाऊल टाकता येईना. न्यूयॉर्कमध्ये १९१२ साली बुटक्या पायरीच्या ट्रामगाड्या काढाव्या लागल्या, कारण या बायकांना नेहमीची पायरी चढता येत नव्हती. टोप्या परातीएवढ्या, आणि त्या डोक्यावर राहाव्यात म्हणून वीतभर लांब पिना. ट्राममध्ये शेजारच्याच्या डोळ्यात जाऊ लागल्या तेव्हा शिकागोने १९१० साली पिनांच्या लांबीवर कायदा केला. टोपीसाठी मी भाचीला साफ सांगितलं: पुठ्ठा, बाजारातली प्लास्टिकची फुलं आणि रबर.

झगा जमत आला तसा पाठीचा प्रश्न निघाला. चेन नाही. झग्यांना चेन लागायला अजून पंचवीस-तीस वर्षं होती. पाठीवर वरून खाली बावीस हूक. नेसणारीचा हात तिथे पोचत नाही. म्हणजे घरात दासी पाहिजे, बहीण पाहिजे, निदान नवरा तरी. बेताच्या मिळकतीच्या त्या चतुर मुलीला दासी कुठून मिळायची, याबद्दल एकही सदर बोलत नाही. सासूबाईंनी हूक एकेक करून मोजले. ‘आमची आई चोळीची गाठ पुढे मारायची. आपली आपण. कपडा आपला आणि गाठ दुसऱ्याच्या हाती, हे कसं चालायचं?’

माप बघायला भाची नव्हती, तिची तालीम. म्हणून ह्यांना उभं केलं. बावीस हूक लावून झाल्यावर ते अगदी पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखे कबुतर झाले. तेवढ्यात बेल वाजली. वीजबिलाचं रीडिंग घ्यायला आलेल्या मुलाने मीटर वाचलं, ह्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, नाटक आहे का?’ हे कसनुसं हसून ‘हो’ म्हणाले. त्या दिवसापासून ते आणि झगा एकमेकांशी बोलत नाहीत.

शेवटी खळ. मलमलीला खळ घातली नाही तर झगा ओल्या मांजरासारखा लोंबतो. तांदळाची पेज, थोडी नीळ, आणि मग इस्त्री. एक झगा, पावणेदोन तास, पंखा बंद, कारण पंखा लावला की मलमल उडतं. त्या बायकांची इस्त्री लोखंडाची, चुलीवर तापवायची, आणि उन्हाळ्यात झगा एकदा घातला की चुरगळलाच. प्रत्येक पांढऱ्या, हसऱ्या, थंडगार चित्रामागे एक बाई चुलीपाशी लाल होऊन उभी असणार. मासिकात तिचं चित्र नाही.

तीस मेला प्रयोग झाला. हॉलचा एसी दुपारीच बंद पडला होता. विंगेत मी बावीस हूक लावले, एक तुटला, तिथे सेफ्टी पिन. मडम रंगमंचावर गेली, परातीएवढी टोपी सावरली आणि पहिलंच वाक्य म्हणाली, ‘काय छान गारवा आहे इथे!’ तिच्या हनुवटीवरून घामाचा थेंब टपकन गळ्याखालच्या चाळीस चुण्यांवर पडला. प्रेक्षकांनी टाळी दिली. दिग्दर्शकाला वाटलं, लेखनाला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी गेले तर नळाला काहीतरी पांढरं टांगलेलं. वर फुगीर, खाली निमुळतं, मनगटाशी घट्ट बांधलेलं. माझी डावी बाही. फाटलेल्या ओळीला सासूबाईंनी हाताने छान तुरपाई घातली होती, आणि उरलेल्या चार ओळींच्या जाळीतून दह्याचं पाणी थेंब थेंब गळत होतं.

‘चक्का टांगलाय,’ त्या म्हणाल्या. ‘पंचा सापडेना. पण हे चांगलं आहे गं, असं अजून एक शिव.’