मुंबई–न्यूयॉर्क पाच तासांत? फॉरवर्डमधला हिशेब कुठे फसतो

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हिशेब असा: पृथ्वी ताशी १,६०० किमी वेगाने पूर्वेकडे फिरते, विमान ९०० ने पश्चिमेकडे जातं, म्हणजे न्यूयॉर्क २,५०० च्या वेगाने आपल्याकडे येतं. १२,५०० किमी, पाच तास! पुरावा म्हणून तिकीट: रात्री १ ला सुटून सकाळी ७ ला पोहोच. वर आरोप, की कंपन्या पैसे उकळायला उत्तरेकडून वळसा घालतात. सहा तासांचा पुरावा आणि वळशाची तक्रार एकाच मेसेजमध्ये!

आधी तिकीट. त्यावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यातलं तिकीट असेल तर सहा अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणंही आलं.

आता पृथ्वीचं फिरणं. मुंबईच्या अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी सुमारे १,५८० किमी. पण हवा जमिनीसोबतच फिरते, आणि उभ्या विमानालाही तो वेग आधीच मिळालेला असतो. तसं नसतं तर जुहूला दहा मिनिटं एका जागी तरंगलेलं हेलिकॉप्टर अडीचशे किमी दूर अरबी समुद्रावर सापडलं असतं. आणि परतीचं काय? ९०० ने पूर्वेकडे उडणाऱ्या विमानाला १,६०० ने पळणारी मुंबई कधीच गाठता आली नसती. प्रत्यक्षात परतीचाच प्रवास लवकर आटोपतो.

वळशाचा मुद्दा पृथ्वीगोल आणि दोऱ्याने मिटतो. मुंबई आणि न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळामध्ये दोरा ताणा, तीच सर्वांत जवळची वाट: तो कंदाहारच्या जवळून तुर्कमेनिस्तान, सेंट पीटर्सबर्गचा परिसर, नॉर्वे असा चढतो, आइसलँडच्या पूर्वेला ६४–६५ अंश उत्तर अक्षांशावर टेकतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून उतरतो. अंतर सुमारे १२,५३० किमी. भिंतीवरच्या नेहमीच्या मर्केटर नकाशात (गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून काढलेल्या) पट्टीने आखलेली ‘सरळ’ रेघ भरते १४,२०० च्या घरात. वळसा आहे तो त्या रेघेत.

मग वेळ ठरते कशाने? मुख्यतः वाऱ्याने. दहा-बारा किमी उंचीवरचा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोरात. वाटेत सरासरी ताशी ६० किमीचा वारा समोरून असला तर ९०० चे ८४० होतात आणि हवेतले तास जवळपास १५. तोच पाठीमागून असला तर १३. म्हणून वैमानिकांच्या हाती येणारा मार्ग रोज बदलतो: थोडं लांबचं अंतर, पण कमी विरोधी वारा, असा सौदा बऱ्याचदा फायद्याचा ठरतो.

दुसरं कारण बंद आकाश. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीतून जाणं बंद केलं. दोऱ्याचा पहिलाच तुकडा तिथून जातो. मग अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकून नंतर उत्तरेला वळायचं. अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. हा वळसा खरा, पण त्याचं इंधन कंपनीच्याच खिशातून जातं.

स्वतः पडताळायचं असेल तर तिकीट बाजूला ठेवा. विमानांचा माग दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवर त्या फ्लाइटच्या मागच्या आठवड्यातल्या उड्डाण आणि उतरण्याच्या वेळा यूटीसीमध्ये (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) बघा, आणि परतीच्या फ्लाइटशी ताडून पाहा.