पहिलं हत्यार घ्यायचंय? रिव्हॉल्व्हर घ्या

नागपूरच्या इतवारीतल्या एका सराफ मित्राला नुकतंच हत्याराचं लायसन मिळालं. तेव्हापासून तो दिवसभर पिस्तुलांचे व्हिडिओ पाहतोय, सगळे अमेरिकेतले. तिकडे लोक नाइन एमएम चांगलं की फोर्टी फाइव्ह, यावर तासतासभर बोलतात. आपल्याकडे ही दोन्ही प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) येतात, सामान्य माणसाच्या लायसनवर मिळत नाहीत. आपल्यासाठी मुख्यतः .३२, नाहीतर .२२. म्हणजे ठरवायचं एवढंच उरतं की रिव्हॉल्व्हर घ्यायचं (गोळ्या फिरत्या चक्राच्या घरांत) का पिस्तूल (गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये). माझं मत विचाराल तर पहिलं हत्यार रिव्हॉल्व्हरच असावं.

पिस्तुलाचं मॅगझिन काढलं की नव्या माणसाला वाटतं, झालं रिकामं. पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, एक गोळी बसलेली असू शकते. वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून आत पाहिल्याशिवाय ती कळत नाही, आणि गडबडीत नेमकं तेच राहून जातं. घरात पोरंबाळं असताना ही धास्ती कशाला? रिव्हॉल्व्हर उघडलं की सगळी घरं डोळ्यांसमोर. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप दाबायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात अशा वेळी दोन्ही हातांनी खटाटोप करावा लागतो. शिवाय मागचा घोडा (हॅमर) आधी न ओढता रिव्हॉल्व्हरचा चाप दाबायला चांगलाच जोर लागतो. लोक याला दोष मानतात, मला तो गुण वाटतो. घाबरलेल्या माणसाच्या हातात हलका चाप नकोच.

दुसरं म्हणजे हलक्या वजनाचा सोस. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण अर्धा किलो, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये मावतं हे खरं, पण आखूड नळीने नेम धरणं नवख्याला अवघड जातं. दुकानदाराकडून आधी रिकामं आहे हे दाखवून घ्या, मग हातात धरा. मूठ न सरकवता बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर ते तुमचं हत्यार नाही, मग कितीही देखणं असो. आणि .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस .३२ पिस्तुलाला चालत नाही, खरेदीच्या वेळी हे लक्षात ठेवा.

२०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे. ते नुसता कागद म्हणून आणू नका. रेंजवर जा, चुकत चुकत शिका. शिकायचं नसेल तर लायसन कपाटातच राहू द्या, हे मी मित्राला तोंडावर सांगितलं. त्याला राग आला, येऊ दे.

वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना तर माझा हात जोडून विरोध आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे असा गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पार्किंगच्या भांडणात कंबरेचं हत्यार दाखवणं म्हणजेही स्वसंरक्षण नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये स्वसंरक्षणात हल्लेखोराचा जीव गेला तरी चालतं असे प्रसंग मोजून दिलेत, हत्यार घेण्याआधी ते एकदा वाचाच.

मित्राला म्हटलं, आधी भिंतीत तिजोरी पक्की बसव, वहिनीलाही रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं करायला शिकव. मग चल, दुकानात मीही येतो.